कार्यवाही सुरू आहे

परवा संत्रं सोलत टीव्हीवर नागपूरचं अधिवेशन बघत होतो. धारणीकडच्या एका गावातल्या दवाखान्याला गाडी का नाही, असं एका आमदारानं विचारलं. मंत्री कागदावरून वाचू लागले, "वाहन उपलब्ध करून देण्याची कार्यवाही सुरू आहे." फोड माझ्या तोंडातच राहिली. गाव तेच होतं आणि वाक्य माझं होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी मी अमरावतीच्या एका कचेरीत कारकून होतो. मंत्र्यांनी सभागृहात द्यायची उत्तरं लिहून पाठवायचो. याच गावाचा प्रश्न आला तेव्हाही टेबलावर संत्र्याची सालं पडली होती, कागदांनाही त्यांचा वास लागला होता. मी तिथल्या नर्सबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "भाऊ, काल एक अडलेली बाई बैलबंडीतच मेली. हे लिवजा बरं."

मी लिहिलं. साहेबांनी खोडलं. "मंत्र्याले तोंडघशी पाडतं काय बे?"

मग मी ते वाक्य जुळवलं. साहेब खूश झाले आणि खोटं कशाला सांगू, मीही झालो. इतकं सफाईदार उत्तर मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं.

कोणी नवा कारकून अजून माझीच फाईल उतरवून काढतो आहे. त्या फायलीत ती बाई कुठंच नाही. तिचं नाव तर मी फोनवर विचारलंही नव्हतं.