माझा आवाज गावातच राहिला

गाव सोडलं त्या सकाळी फाट्यावर वनखात्याची जीप आमच्यासमोरून गेली आणि तिच्या टपावरच्या भोंग्यातून मीच बोलले, "वाघीन फिरून राह्यली. मोहा येचाले एकटं जाऊ नका. घरी परत फिरा." ब्रह्मपुरीत भोंगे भाड्यानं देणाऱ्या रशीदभाऊंनी आठच दिवसांपूर्वी ते माझ्याकडून कॅसेटवर म्हणवून घेतलं होतं. माय हसली. "पाह्य वो, तू जाऊन राह्यली, अन् तुहा आवाज इथीच." एसटी आली. मीही हसतच चढले.

बायांनो, मागे राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्या, तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं होतं!

नागपुरात रेडिओवर शेतीचा कार्यक्रम मिळाला आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या 'मले'चं 'मला' झालं. मग बातम्या, श्रुतिका, पुण्यात पॉडकास्ट, मधे तीन पुस्तकं. बोलूनच पोट भरलं. खोटं कशाला सांगू, नवा आवाज मला आवडायचा. गावात मात्र कॅसेटवरून पेनड्राइव्हवर चढलेला तो माझा एकोणिसाव्या वर्षीचा आवाज दर उन्हाळ्यात फिरतच होता.

पुढे माय विसरायला लागली. फोनवर मला 'हो बाई, हो बाई' करायची, परक्या बाईशी बोलावं तसं. शेजारची कांताबाई सांगायची, जीप आली की माय दारात जाऊन भोंग्याला विचारते, "जेवली का वो?" हे ऐकून अंगावर काटा यायचा आणि हेवाही वाटायचा. स्वतःच्याच आवाजाचा हेवा!

यंदा तिला कायमचं पुण्याला न्यायला गेले. बॅग भरली. निघायच्या दिवशी उजाडता उजाडता पाहते तर माय नाही, टोपलीही नाही. धावत सुटले. धानाच्या बांध्यांपलीकडे, जंगलाच्या कडेला मोहाखाली ती वाकून फुलं वेचत होती. तेवढ्यात झुडपांत चितळ ओरडलं. नंतर एक पाखरू बोलेना.

"आई, ऊठ! चल!"

तिनं मान वळवली. "कोन होय बाई तुमी?" मी हात धरला, तिनं झिडकारला आणि पुन्हा वाकली. समोरचं गवत हलत होतं, वारा नव्हता.

आणि तो आवाज आला. "वाघीन फिरून राह्यली. घरी परत फिरा."

माय ताडकन उठली. "आली वो, आली." मग हळूच मला म्हणाली, "तुमीबी चाला बाई. माही पोरगी खोटं नाई बोलत." ती पुढे, मी मागे. मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही.

दुपारी आभार मानायला रशीदभाऊंना फोन केला, जीपवरचा भोंगा अजून तेच सांभाळायचे. ते म्हणाले, "बेटी, जीप तं कालपासून बंद पडून आहे. आज कुठी निघाली?" कांताबाईनंही काही ऐकलं नव्हतं. माझा घसा मात्र रात्रीपर्यंत बसलेला होता. ते मी बोलले का, मला खरंच सांगता येत नाही. पुण्यात बंद खोलीत तो आवाज काढायचा मी कितीदा प्रयत्न केला होता, कधी जमला नव्हता.

बॅग मी रिकामी केली. पुण्यात ती कुणाचं ऐकणार होती? आता रेकॉर्डिंग इथूनच करते, पाखरांसकट. माय मला अजून 'बाई'च म्हणते. चार दिवसांनी जीप दुरुस्त होऊन आली, तेव्हा ती दारात धावली आणि भोंग्याला विचारलं, "जेवली का वो?"

मी तिच्या पाठीमागे उभी होते. म्हटलं, "जेवली, माय."