चार नंबरचं दक्षिणमुखी घर

बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करायचं आणि छाती फुगवून म्हणायचं, “ऊन फुकट!” आमच्या चिनी बिल्डरला मराठी एवढंच येत होतं. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आल्मेरेत घर बघत फिरला असाल, तर तुम्हीही ऐकलं असेल.

स्वारी मोठी झाली ती अ‍ॅमस्टरडॅमला मामाच्या हॉटेलात खरकटी भांडी घासून. हॉटेलचं छत गळायला लागलं, मामा मिस्त्री बोलवेना, तर हाच शिडी लावून वर चढला. तिथून बांधकामाचं वेड लागलं ते लागलंच. तिथल्याच झुइडओस्ट भागातलं एक मोडकं दुकान घेतलं, दुरुस्त करून विकलं, मग दुसरं, मग आल्मेरेत घरांच्या रांगाच रांगा. ही कथा त्यानं आमच्या सुनेकरवी मला इतक्यांदा सांगितली, की दर खेपेला ते छत थोडं उंच व्हायचं. एवढा मालक झाला, पण साइटवर महागडे बूट चिखलात घालून स्वतः झाडू मारायचा. मजूर हसायचे. मीही हसायचो.

आम्हाला घर दाखवायला आला तेव्हा दाराशेजारच्या पाटीपुढं कोट पसरून उभा. हलेचना. मी जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. वाटलं, भिंतीला तडा गेलाय, लपवतोय. सरळ बाजूला ढकललं त्याला. मागं निघाला काय, तर चारचा आकडा! त्यांच्यात चार म्हणजे मरण. नंबर बदलून द्या म्हणून नगरपालिकेत खेटे घातले होते, कुणी दाद दिली नाही.

“चारचं काय एवढं?” मी म्हणालो. मग तो ऐटीत हात करून दारावर पडलेलं ऊन दाखवायला लागला, आणि आमचा मुलगा पांढरा पडला. दार दक्षिणेला!

आमची ही तेव्हा आजारी होती. डॉक्टरनी उन्हाळ्यापर्यंतचंच सांगितलं होतं. ती आत गेली, खिडकीतल्या उन्हात बसली, उठेचना.

“अहो, दक्षिणेला यम राहतो ना? मग बिचाऱ्याला लांबून कशाला चालवायचं? घ्या हेच.”

घेतलं. त्या खिडकीत तिनं कुरडया वाळवल्या. बिल्डर चौकशीला आला, की तळलेली कुरडई त्याच्या हातावर ठेवून म्हणायची, “ऊन फुकट!” तिथं शिकला तो. गिऱ्हाइकांना ऐकवत सुटला. शहाणाही झाला. चार नंबर आपल्याकडच्या लोकांना, दक्षिणेची दारं चिन्यांना.

ती गेली तेव्हा आला. आत येईना. पाटीकडं बघत सूनबाईशी इंग्रजीत बोलत राहिला.

सून म्हणाली, “बाबा, ते म्हणतायत, चूक माझी. हे घर परत घेतो, आठ नंबरचं, शुभ आकड्याचं, मोठं देतो.”

मुलालाही तेच हवं होतं. मी खिडकीतल्या खुर्चीकडं बघितलं. ती खुर्ची तिथून हलवायची?

“सांग त्याला,” मी म्हणालो, “एक यम तुझा, एक आमचा. दोघं दारात असून दोन उन्हाळे थांबले. तिचं ऊन खाऊन होईपर्यंत आत आले नाहीत. असलं घर मी सोडायचा नाही.”

सुनेनं सांगितलं. तो आत आला. भिंतीवर टकटक केलं, आजाऱ्याच्या दारावर करतात तसं हळू. मग डब्यातली तिच्या हातची कुरडई मागितली आणि न तळता तशीच कडाकडा चावली, गाढवानं.

यंदा तोही गेला. धंदा आता मुलगी बघते. परवा शेजारच्या नव्या रांगेत त्यांच्यातल्याच एका जोडप्याला घर दाखवत होती. पाटीपुढं कोट पसरून उभी. थेट बाप!

मी खिडकी उघडून ओरडलो, “ऊन फुकट!”

तिनं वळून बघितलं, हसली. पाटीपुढून काही हलली नाही. पण हात मागं नेऊन भिंतीवर टकटक केलं.