ठमाबाईची घासाघीस

ठमाबाई मिरकरवाडा बंदरावर मासे विकते. तिला जुना दमा. घासाघीस करताना तिला धाप लागायची, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना हे पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाइकं मुद्दाम बोलणं लांबवायची. शेवटी दम संपला की ठमाबाई हात झटकून म्हणायची, "ने बाबा, ने." दम्याचा पंप कनवटीला असायचा, पण तो ती ओढत नसे. पंपाची सवय लागते, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं.

मग गळ्यात थायरॉइडची गाठ वाढली आणि श्वासनळीवर दाबू लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आधी दमा ताब्यात, मगच भूल." सून रुचिरा रोज समोर बसून तिला पंप घ्यायला लावू लागली. ठमाबाईने शिव्या घातल्या, पण पंप घेतला. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. आवाज मात्र बसला. "येईल हळूहळू, तोवर घशाला आराम द्या," डॉक्टर म्हणाले.

हंगाम सुरू झाला तशी ती पाटी घेऊन बसली. भाव बोटांनी दाखवी. गिऱ्हाईक पाडून मागे, तर ती नुसती बघत राही. बाई अडून बसली असं वाटून गिऱ्हाईक आपणच चढे, पुन्हा चढे. मग ती मान डोलवी.

गणपती गेल्यावर एका सकाळी तिचा आवाज मोकळा झाला. तिने आधी सुनेला हाक मारली आणि दटावलं,

"बंदरावर कोणाला बोलू नको हां."