दारासमोरचा लाल डबा

नातीच्या शाळेचं निसर्ग शिबिर मलंगगडाच्या पायथ्याशी, तीन दिवसांचं. मुलगा म्हणाला, "आई, तू आधी जागा बघून ये. तू हो म्हणालीस तरच पाठवतो." नात दहा वर्षांची. तिने मागून माझा पदर ओढला, म्हणजे आजीने काय सांगायचं ते ठरलेलंच होतं.

मुलाने यादी दिली. पिण्याचं पाणी, मच्छरदाण्या, ओढ्याची खोली, संडासाला आतून कडी. वाचून हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं. ही यादी माझीच होती. तो चौथीत असताना याच जागेची मी अशीच तपासणी केली होती, आणि त्याला पाठवलं नव्हतं.

तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! ऊन नाही, पाऊस नाही, तरी हातात छत्री. पर्समध्ये घरून उकळून आणलेलं पाणी. ऐनाच्या झाडावर मुंग्यांचं घरटं दिसलं तर म्हणाले, "हे आधी काढून टाका." जंगलात येऊन जंगल झाडायला निघालेली बाई.

या वेळी रिक्षातून उतरले तर काटेसावर फुललेली. खाली लाल फुलांचा खच, वर बुलबुल आणि साळुंक्यांची भांडणं. तेव्हाच्या तंबूंच्या जागी आता पत्र्याच्या दोन लांब खोल्या, त्यांत दुमजली खाटा, प्रत्येक खाटेला मच्छरदाणी. जेवायची शेड चारी बाजूंनी उघडी, डोंगर थेट ताटात. चप्पल काढून ओढ्यात उतरले. पाणी घोट्यापर्यंत. पावसाळ्यात इथे मुलांना आणतच नाहीत म्हणे.

संडास विटांचे झाले होते. कडी मात्र अजूनही नव्हती. दारासमोर एक लाल डबा.

स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "त्याला हात नका लावू हां आजी. डबा दारात म्हंजे आत कोणतरी हाय. बाहेर आलं की कठड्यावर ठेवायचा. कडी लावली की बारकी पोरं आत अडकतात, मग रडारड."

मी तिथेच कठड्यावर बसले. त्या वेळीही डबा होता. मी तो छत्रीने बाजूला ढकलला, "काय हा पसारा!" म्हणाले आणि दार उघडलं. आत मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक. बसलेले. आणि मी, सवयीने, नमस्कार केला.

मुलाला पाठवायचं तर सोडायला, आणायला जायचं, आणि तिथे सर असणार. घरी येऊन सांगितलं, "ओढा फार खोल आहे. आपण नाही जायचं." वर्गातली मुलं परतली ती पानाची पिपाणी वाजवत. माझा मुलगा गॅलरीतून ऐकत होता. आजही समुद्रावर गेलो की तो वाळूत सगळ्यांच्या चपला सांभाळत बसतो.

संध्याकाळी घरी आले. मुलगा, सून, नात ओळीने सोफ्यावर.

"कडी आहे?" मुलाने विचारलं.

"नाही."

नातीचा चेहरा पडला.

"मग नकोच," तो म्हणाला.

"थांब, आधी माझं ऐक," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. छत्री, डबा, सर, नमस्कार. सून हसून हसून लाल झाली. नात म्हणाली, "आजी, नमस्कार? खरंच?" मुलगा हसला नाही.

"आणि ओढा?"

"घोट्याएवढा. तेव्हाही तेवढाच होता रे."

त्याने शाळेचं संमतीपत्र मांडीवर सरळ केलं. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी, आणि बोलायला हवंही होतं. त्याने पेन मागितलं. सही केली, कागद नातीला दिला.

"हिला सोडायला मी जातो," तो म्हणाला. "तू नको येऊस."

मग दारातून मागे वळून म्हणाला, "टॉवेल कुठे ठेवलास गं, जुना? ओढ्यात उतरायला लागेल मला."