बाईजा पावाच्या रांगेत

आमच्या सापगावात आवणीची, म्हणजे भाताच्या लावणीची, पहिली जुडी कुणी लावायची, हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नाही. ती माझ्या सासूने लावायची. बाईजा तिचं नाव. सासरे लवकर गेले, मागे एकुलता एक मुलगा कुंडलिक आणि भाताची दोन खाचरं. पण रुबाब असा, की पाटलीण समोरून आली तर पाटलीणच बाजूला व्हायची. गावातल्या बायका सावडीने आवणी करत. आज सगळ्यांनी हिच्या शेतात वाकायचं, उद्या तिच्या. मजुरी नाही, नुसती परतफेड. त्या सावडीची मुकादमीण माझी सासू. चिखलात बायकांची ओळ लागली की ही टोकाला उभी राहायची, गाण्याचा पहिला बोल उचलायची, आणि ओळ जरा वाकडी झाली की असा आवाज टाकायची की पलीकडच्या शेतातले बैलसुद्धा थबकायचे.

सावडीतून बाहेर पडलेल्या बाईचं शेत एकटीच्याने लावून होत नाही. तोवर रोपं राबातच, पेरल्या वाफ्यातच, पिवळी पडतात. म्हणून बाईजाचा शब्द कुणी मोडत नसे. तिच्याजवळ दुसरं होतं तरी काय? जमीन बेताची, माणसं बेताची. होती ती ही ओळ. मी तर तिची सून, आणि तीही मुरबाडची. मुरबाडच्या पोरींना तोंड फार, असं तिचं ठाम मत होतं. ते काही खोटं नव्हतं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझ्या माहेरगावचा सावळाराम एका फ्रेंच कंपनीच्या बोटीवर भटारखान्यात बरीच वर्षं काढून परत आला आणि त्याने शहापूरच्या बाजारात, आग्रा रोडला लागून, पावाची भट्टी घातली. वर पाटी लावली, ‘फ्रेंच बेकरी’. पाव कसा, तर हातभर लांब, वरून कडक, आतून कापूस. आधी नाशिककडे जाणाऱ्या साहेबलोकांच्या मोटारी थांबायला लागल्या, मग लॉरीवाले, मग शाळेचे मास्तर, मग कचेरीतले कारकून. पाव निघायचा सकाळी एकदाच, त्यामुळे रांग पार पिंपळाच्या पारापर्यंत जायची. बाजाराला गेलेली माणसं गूळ-मीठ विसरून ती रांग बघत उभी राहायची.

बाईजाने हे ऐकलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला. “समुद्र वलांडून आलाय तो. कुनाच्या हातचा खाल्ला, काय खाल्ला, त्याचा त्याला ठावं. पिठात ताडी वततो म्हनं. पाव खाल्लेली बाय माझ्या ओळीत नको. तिनं बांधावर बसायचा.”

बायकांनी माना हलवल्या. आमच्या शेजारची भागी तर सगळ्यांत जोरात हलवत होती.

आणि त्याच वर्षी जेठात मला तिसरा महिना लागला. पोटात पाणी ठरेना. भात समोर आला की उलटी, भाकरी थापल्याचा आवाज आला की उलटी. चिंच झाली, आवळा झाला, चुलीची भाजकी मातीसुद्धा चाटून झाली. डोळे खोल गेले. सुईण येऊन पोट चाचपून गेली आणि दारात सासूला म्हणाली, “पोटात काय तरी ठरला पायजे बाईजा, नायतर पोर तगायचा नाय.” ते ऐकून मी घाबरले. सासू माझ्याहून जास्त घाबरली. फक्त ते दाखवायची तिची रीत निराळी होती. तिने भांडी आपटली.

“तुला हवा तरी काय गो शकू? कायतरी मनात आसल ना?”

“काय नाय आत्याबाय.”

“काय नाय म्हनून कुनाला वकाऱ्या येतात? बोल.”

मनात काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. महिन्यामागे बाजारात गेले होते तेव्हा त्या भट्टीचा वास नाकात बसला होता, तो काही केल्या जाईना. झोपेतही तोच वास. शेवटी भिंतीकडे तोंड करून मी सांगून टाकलं. आता सासू मला माहेरी धाडते, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, “तुज्या म्हायेरच्यांनी आनी काय शिकवलाय?” एवढंच.

डोहाळे पुरवायचे ते सासूने, आणि आपल्या हाताने. ते राहिले तर पोराची लाळ गळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. कुंडलिक कसाऱ्याकडे रस्त्याच्या कामावर होता, पण तो घरी असता तरी तिने त्याला पाठवलं नसतं. सकाळी ती पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. रोजच्या लुगड्यात लोक ओळखतील म्हणे. डोक्यावरचा पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढलेला.

“तू बी चल. गरम गरम खायचा असतो म्हनं. आनी रांगेत तोंड उघडू नको. मी पन मुकी.”

सापगावाहून शहापूर ते किती. तोंडातलं पान संपेपर्यंत माणूस पोचतो. आम्ही पोचलो तेव्हा रांग लागलेली होती. रांग कसली, गुरं पाण्यावर सोडावीत तसा तो कळप. लॉरीवाले मधूनच घुसत होते, एका कारकुनाने स्वतःच्या जागी छत्री उभी करून ठेवली होती आणि आपण पारावर विडी ओढत बसला होता. बाईजा पदराआडून हे सगळं बघत होती. मी तिच्या मागे. तिची पाठ ताठ व्हायला लागली, तशी मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही.

एक लॉरीवाला तिच्यापुढे येऊन उभा राहिला मात्र, बाईजाचा मुकेपणा संपला.

“ए धटिंगणा, मागं हो. ओळ म्हंजे काय ठावं हाय का? ती छत्री कुनाची? छत्रीला भूक लागलीय? उचल ती. तू फेटेवाल्या, सरळ उभा ऱ्हा. पुढच्याच्या टाचेमागं टाच. हां. आता कशी दिसते.”

पदर कधीच खांद्यावर घसरला होता. मोटारीतला एक साहेब उतरून मुकाट्याने शेवटी जाऊन उभा राहिला. पिंपळापर्यंतची ती रांग अशी सुतासारखी झाली की सावळाराम हातातलं पाव काढायचं फावडं ठेवून बाहेर बघायला आला. आणि रांगेत पुढे, तोंडावर पदर घेतलेली एक बाई त्या आवाजासरशी जागच्या जागी खाली बसली. ती भागी होती. आमच्या आवणीच्या ओळीत सासूच्या शेजारचीच जागा तिची. दोघींची नजरानजर झाली. भागीने पाव घेतला, पदराखाली घातला आणि आमच्या बाजूने न येता उलट्या वाटेने निघून गेली.

परत येताना एका आंब्याखाली सासूने मला बसवलं. मी पाव मोडला, वाफ निघाली. पहिला घास भीतभीत गिळला, दुसरा न भिता, आणि मग मला आजूबाजूचं भान राहिलं नाही. बाईजा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. उलटीची वाट बघत होती बिचारी. उलटी झाली नाही. तेव्हा तिने मांडीवर पडलेला चुरा वेचला आणि तोंडात टाकला. “अन्न भुईवर टाकू नये,” असं कुणी न विचारता सांगितलं. मग माझ्या हातातला एक तुकडाही मोडून घेतला. तो तर भुईवर पडलेला नव्हता.

“भाकरी बरी,” ती चावत म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “पन हा बी वंगाळ नाय.”

त्यानंतर ती मला अधूनमधून पाव आणून देत राहिली आणि माझ्या पोटात हळूहळू भातही ठरायला लागला. त्या पावावर तगलेला माझा थोरला, देवजी. लाळ म्हणाल तर त्याची पुढे तरीही धो धो गळायची.

आषाढात आवणी आली. पहिला दिवस आमच्या खाचराचा. बायका लुगडी खोचून चिखलात उतरल्या, ओळ लागली. मला सासूने बांधावर पावसाचं इरलं देऊन बसवलं होतं. सगळ्या टोकाकडे बघत होत्या आणि टोकाची जागा रिकामी होती. बाईजा आली, रोपांची जुडी भागीच्या हातात दिली आणि माझ्या शेजारी बांधावर येऊन बसली.

“आज तू लाव पयली.”

“का गो बाईजा? बरा नाय वाटत?”

“बरा हाय. मी पाव खाल्ला. पाव खाल्लेली बाय बांधावर, आसा मीच बोलले व्हते. शब्द दुसऱ्यालाच आसतो का?”

मला रडूच आलं. तिला त्या शब्दाबद्दल गप्प राहायला काय हरकत होती? पाहणारी एक भागी, आणि ती तर काही बोलणार नव्हती. माझ्या दोन घासांपायी ही बाई आपली उभ्या जन्माची जागा सोडून बसली, आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

भागी हातात जुडी घेऊन उभीच. पाणी पिंढरीला लागत होतं. मग तिने जुडी चिखलात ठेवली, वर आली आणि सासूच्या पलीकडे बसली. तिच्यामागून सकुबाई आली. मग तिची जाऊ. मग एकीने दुसरीकडे पाहिलं, दुसरीने तिसरीकडे, आणि बघता बघता सगळी ओळ बांधावर येऊन बसली. बांध अरुंद, बायका भरपूर. एकमेकींना रेटून बसावं लागलं.

खाचरात एकटी म्हातारी धोंडीबाई उरली, कमरेवर हात ठेवून.

“धोंडीबाय, तू नाय खाल्ला?” बाईजाने विचारलं.

“दात कुठं हायत मला? कोऱ्या चायत बुडवून नुसता चोखला. चोखल्याला बी धरतीस काय तू?”

बाईजा एवढी हसली की इरलं घरंगळून पाण्यात गेलं. सगळा बांध हसत होता. मग तिने डोळे पुसले, उठली, काष्टा खोचला.

“पाव खाल्लेल्या बायांनो, उतरा खाली,” ती म्हणाली. “रोपा सुकतात.” आणि सगळ्यांच्या आधी ती चिखलात उतरली.