जठारपेठेतली आमची कॉफी

नवऱ्यानं नोकरी सोडून अकोल्यात, जठारपेठेत, कॉफी शॉप काढलं. तेव्हापासून रोज शटर ओढताना एखादा तरी किस्सा आमच्याबरोबर घरी येतो. तो मुलांना सांगितल्याशिवाय आमचं जेवण होत नाही!

*

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारचे दिगंबरकाका. मेनूतलं पहिलंच नाव त्यांनी मागवलं, एस्प्रेसो. इवलासा कप आला. काकांनी एका घोटात संपवला, तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाले,

"सॅम्पल कडू हाय वं पोरी. दुसऱ्या डब्यातली दाखव!"

*

शेंदूरजनाघाटचे एक बागायतदार एकदा घरची संत्री घेऊन आले. "याची कॉफी होते का?"

नवऱ्याला हुरूप! व्हिडिओ बघून, रस घालून, बर्फ घालून त्यानं ग्लास सजवला. ते सावकाश प्यायले. आम्ही दोघं समोरच उभे.

ग्लास ठेवून म्हणाले, "संत्रं चांगलं हाय."

*

अमरावतीची एक मुलगी सांगून आलेल्या मुलाला भेटायला आली. मुलाची आई मागच्या टेबलावर पाठमोरी बसलेली, जणू त्यांची कुणीच नाही! बोलता बोलता मुलगी मागे वळली.

"काकू, इकडंच या ना! तिकून बराबर ऐकू येत नसन!"

मोडलं म्हटलं लग्न, तेही आमच्या दुकानात!

काकू कप घेऊन उठल्या. "खरंच वं, या पंख्यानं काईच ऐकू येऊन नाई राहिलं!"

लग्न झालं. आता सासू-सून दोघीच येतात. मुलाला आणत नाहीत.

*

नानाजी धामणगाव रेल्वे या गावचे, कापसाचे जुने व्यापारी. पॅरालिसिसनंतर वाचा गेली, म्हणून मुलानं अकोल्याला आणलं. डॉक्टर म्हणाले, माणसांत बसवा. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, रोज सकाळी हाताला धरून त्यांना आमच्याकडे आणायच्या. बिनसाखरेची कॉफी, तीही डॉक्टरांच्याच हुकमानं. काकू बोलायच्या, ते नुसते पाहायचे. कधी काकूंचंही बोलणं संपायचं. मग दोघं रस्त्याकडे बघत बसायचे.

परवा त्यांनी एक घोट घेतला आणि कप बशीत आदळला. ओठ बराच वेळ नुसतेच हलले. मग अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"फिक्की!"

नवरा मशीनमागून धावला. "सॉरी नानाजी, दुसरी देतो!"

काकूंनी त्याला हातानंच थांबवलं. डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि हसत होत्या. नानाजींचा हात घट्ट धरून म्हणाल्या,

"आनखी कायकाय खराब हाय, सांगा ना!"