वैशाली मॅडमची वेणी

मी नांदेडला कॉलेजात इतिहास शिकवते. पुरावा नसेल तर मानायचं नाही, ही सवयच. बाधा, करणी असलं कुणी बोललं की मी उठून जायचे. तरी हे लिहून राहिले, कारण मनातून जात नाही...

स्नेहसंमेलनात आम्ही शिक्षकांनी नाटक करायचं ठरवलं. मी लिहिलं — स्पेनच्या हुआना राणीवर. नवरा देखणा, पण बाहेरख्याली. त्याच्या मर्जीतल्या बाईचे केस तिने रागाने कापले म्हणतात. पुढे तिला वेडी ठरवून आधी बापाने, मग पोटच्या मुलाने कोंडून ठेवलं. तिची आजीही अशीच एकांतात संपली, पणतूही कोंडला गेला. घराण्यातच होतं म्हणे.

दिग्दर्शन माझ्या नवऱ्याचं. ते तिथेच मराठी शिकवतात. राणी मीच होणार, हे मी धरूनच चालले होते. त्यांनी भूमिका दिली वैशाली मॅडमना. लातूरहून नव्याने आलेल्या, गुडघ्यापर्यंत वेणी.

"राणीला असेच केस पाहिजेत," हे जेवताना म्हणाले. "तू लिहिलंस छानच."

मी ताट तसंच ठेवून उठले. तालमीत ते तिची वेणी खांद्यावरून पुढे घेऊन दाखवायचे — अशी असू द्या, मॅडम. मी टाळ्या वाजवायचे. आतून नुसती आग.

त्या रविवारी तालमीला न थांबता मी मुलीला घेऊन दीड-दोन तासांवरच्या चाकूरला सासूबाईंकडे गेले. दुपारी जेवून ओसरीवर जरा पडले, तर डोळाच लागला. फोनने जाग आली.

"कुठंयस तू?" ह्यांनी विचारलं.

"चाकूरला. का?"

"खरं सांग."

मग त्यांनी सांगितलं. वैशाली मॅडम मेकअपच्या खोलीत आरशासमोर बसल्या होत्या. मागे मी उभी दिसले, जांभळ्या साडीत. "वहिनी, काय करून राहिलात?" हे त्यांचे शब्द दारात बसलेल्या लायब्ररीच्या मॅडमनीही ऐकले. त्या आत धावल्या, तर वेणी फरशीवर पडलेली. खोलीला दार एकच. त्यातून कुणी गेलं नाही, आलं नाही. कात्री सापडली नाही.

माझ्या अंगावर जांभळीच साडी होती.

सासूबाईंनी फोन घेतला. "हितंच झोपली व्हती रे. म्या समोरच बसले हाय."

नाटक झालं नाही. वैशाली मॅडम बदली घेऊन गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुम्ही नव्हता, सर सांगतात. मी कुणाला काय म्हणणार? पण मानेला लागलेल्या तुमच्या बांगड्या मला अजून जाणवतात."

वेणी गेली हे फोनवर कळलं, तेव्हा घाबरण्याआधी क्षणभर मला बरं वाटलं होतं.

पुढच्या खेपेला चाकूरला गेले, तेव्हा सासूबाईंनी मला एकटीला बाजूला घेतलं.

"पोराला बोलले न्हाई म्या. झोपेत तुझा हात लई हालत व्हता."

"कसा?"

त्यांनी दोन बोटं उघडली, मिटली. उघडली, मिटली.

"तुझ्या पोरीचाबी," त्या म्हणाल्या. "शेजारी झोपली व्हती ना. तिचाबी तसाच."

याला काय म्हणायचं, मला आजही कळलेलं नाही. मुलगी यंदा दहावीला आहे. परवा शाळेतून आली आणि म्हणाली, वर्गातली एक मुलगी तिला अजिबात आवडत नाही.